शोणतीरावरचा मठ : वैराग्याने बांधलेली वाट



संन्यासी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. संसाराचा त्याग केलेला, गावाबाहेर राहणारा, जगाच्या उठाठेवीशी काडीचाही संबंध नसलेला पुरुष! इंग्रजी अमदानीत लिहिलेल्या कितीतरी पुस्तकांनी हेच चित्र ठसवले. हिंदूंचे अध्यात्म म्हणजे जगाकडे पाठ फिरवणे, असा निष्कर्षही त्यातूनच निघाला आणि शिकलेल्या वर्गाने तो फारशी शहानिशा न करता स्वीकारला. आजचा विषय या समजुतीला दगडात कोरलेले उत्तर देणारा आहे. हे उत्तर एक हजार पन्नास वर्षांपूर्वीचे असून आजही जागेवर उभे आहे.

मध्य प्रदेशाच्या सीधी जिल्ह्यात शोण आणि बनास या नद्यांच्या संगमाजवळ चंद्रेह नावाचे लहानसे गाव आहे. शोण म्हणजे आजच्या बोलीतील सोन नदी. या गावाच्या परिसरात एक शिवमंदिर आणि त्याला लागूनच एक दगडी मठ आहे. मठाच्या भिंतीत दोन शिळांवर कोरलेला संस्कृत लेख आहे. त्यावर कलचुरी संवत ७२४, म्हणजे इ.स. ९७३ हा काळ नोंदवला आहे. मठ बांधणाऱ्या आचार्यांचे नाव प्रबोधशिव. या प्रबोधशिवांच्या कामगिरीचे वर्णन करताना लेख त्यांच्या समाधीचे, उपवासांचे आणि विद्वत्तेचे कौतुक तर करतोच. परंतु त्याचबरोबर एक वेगळीच गोष्ट सांगतो. या तपस्व्याने डोंगर फोडून, खडक बाजूला सारून, नद्या-ओढ्यांमधून आणि घनदाट अरण्यातून लोकांसाठी वाट तयार करविली!

मोक्षाच्या वाटेवरचा माणूस लोकांसाठी मातीची वाट का बांधतो, हा प्रश्न समजून घेतला की मध्ययुगीन हिंदू मठ ही काय संस्था होती हे आपोआप उलगडते.

मत्त मयूरांची परंपरा

प्रबोधशिव ज्या परंपरेतील होते तिचे नाव मत्तमयूर. मत्त मयूर म्हणजे मदाने धुंद झालेला मोर. हे एका स्थानाचे नाव होते आणि त्यावरून तेथील आचार्यांच्या परंपरेलाही ते चिकटले. हे आचार्य शैव सिद्धान्ताचे अनुयायी. शिव हा पती, जीव हा पशू आणि त्याला बांधणारे मल, कर्म व माया हे पाश, अशी या दर्शनाची मांडणी. गुरूने दिलेल्या दीक्षेने पाश तुटतात, यावर त्यांचा भर होता. साहजिकच या परंपरेत गुरूचे स्थान सर्वोच्च ठरले आणि गुरूचे राहण्याचे, शिकवण्याचे आणि दीक्षा देण्याचे ठिकाण म्हणून मठालाही तितकेच महत्त्व आले.

या परंपरेची वंशावळ मध्य प्रदेशातीलच रणोद येथील शिलालेखात मिळते. रणोद हे शिवपुरी जिल्ह्यातील गाव. त्याचे प्राचीन नाव अरणिपद्र. लेखात आचार्यांची नावे क्रमाने येतात. कदंबगुहेत राहणारे, मग शंखमठिकेचे अधिपती, त्यानंतर तेरंबिपाल, आमर्दकतीर्थनाथ आणि मग पुरंदर. यांतील पहिली नावे व्यक्तींची नसून स्थानांची आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. या आचार्यांनी स्वतःची नावे मागे ठेवली नाहीत. मागे ठेवली ती आपापली स्थाने. तेरंबी म्हणजे आजचे तेरही, आणि कदंबगुहा म्हणजे अशोकनगर जिल्ह्यातील कदवाहा, असे अभ्यासक मानतात.

पुरंदरांची हकिकत मोठी बोलकी आहे. अवंतिवर्मा नावाच्या राजाला शैव दीक्षा घेण्याची इच्छा झाली. पुरंदर मुनींची कीर्ती त्याने ऐकली होती. तो स्वतः त्यांच्याकडे गेला, त्यांना विनवून आपल्या भूमीत घेऊन आला, त्यांच्याकडून दीक्षा घेतली आणि आपल्या राज्यातील सारभूत भाग गुरुदक्षिणा म्हणून त्यांना अर्पण केला. पुरंदरांनी त्या संपत्तीचे काय केले? एक मठ मत्तमयूर येथे बांधला आणि दुसरा अरणिपद्र येथे. राजाचे दान गुरूच्या हातून पुन्हा संस्थेच्या रूपाने समाजात परत आले. पुढील तीनशे वर्षांची रीत या एका प्रसंगात घालून दिलेली दिसते.

चेदी देशाकडे

दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात जबलपूरजवळच्या त्रिपुरीवर, म्हणजे आजच्या तेवर येथे, कलचुरी वंशातील पहिल्या युवराजदेवाची सत्ता होती. त्याची राणी नोहला ही चालुक्य कुळातील कन्या. पतिपत्नी दोघेही शिवभक्त. बिल्हारी येथील शिलालेख सांगतो की, नोहलेने शिवाचे भव्य मंदिर उभारले आणि ईश्वरशिव या आचार्यांना गावे दान दिली. पुढे तिचा पुत्र लक्ष्मणराज याने हृदयशिव या मत्तमयूर आचार्यांना सन्मानाने आपल्या राज्यात आणून मठ त्यांच्या स्वाधीन केले. हृदयशिवांनी त्यांतील नोहलेश्वराचा मठ आपल्याकडे न ठेवता आपल्या शिष्याकडे, अघोरशिवांकडे सोपविला.

युवराजदेवाने मत्तमयूर परंपरेतील प्रभावशिवांना चेदी देशात आणले होते. त्यांचे शिष्य प्रशांतशिव आणि प्रशांतशिवांचे शिष्य हे आपले प्रबोधशिव. प्रशांतशिवांना राजधानीचा गजबजाट मानवला नसावा. भ्रमर पर्वताच्या पायथ्याशी, शोणेच्या संगमाजवळ त्यांनी आश्रम उभारला. तेथे ते फळे, कमळाचे देठ आणि कंदमुळे यांवर निर्वाह करीत, असे चंद्रेहचा लेख म्हणतो. काशीत गंगातीरी योग्यांसाठी आणखी एक स्थान उभारण्याचे श्रेयही लेख त्यांनाच देतो. ज्याच्यापुढे राजा नतमस्तक होतो त्याने कंदमुळांवर राहावे, आणि कंदमुळांवर राहणाऱ्याने चेदीपासून काशीपर्यंत संस्था उभ्या कराव्यात, यात या मंडळींना काही विसंगती वाटत नव्हती.

दगडात उतरलेली जीवनरीत

आता प्रत्यक्ष वास्तूकडे वळू. चंद्रेहचे मंदिर प्रशांतशिवांच्या काळातील. ते उंच जोत्यावर उभे आहे. उत्तर भारतातील नागर शैलीची मंदिरे साधारणतः चौरस गाभाऱ्याची असतात. चंद्रेहचा गाभारा मात्र गोलाकार आहे. त्या वर्तुळातूनच उभ्या पट्ट्यांचे शिखर वर चढत निमुळते होत जाते. अशी गोल विधानाची शिवमंदिरे आपल्या देशात फारच थोडी आहेत आणि त्यांतील काही कलचुरींच्या याच परिसरात आढळतात. गाभाऱ्यापुढे अंतराळ आणि त्यापुढे खांबांवर तोललेला मंडप आहे.

मंदिराच्या शेजारी प्रबोधशिवांनी मठ बांधला. बाहेरून पाहणाऱ्याला तो एखाद्या गढीसारखा भासतो. जाड दगडी भिंती, बाहेरच्या बाजूला अलंकरण जवळजवळ नाही. प्रवेशाशी खांबांची ओसरी. आत शिरताच मात्र दृश्य पालटते. मध्यभागी आकाशाला उघडा चौक, त्याच्या चारी अंगांनी खांबांच्या पडव्या आणि पडव्यांच्या मागे लहानमोठ्या खोल्या. वास्तू मूळची दुमजली. वरच्या मजल्याचा बराच भाग आता ढासळला आहे.

महाराष्ट्रातील माणसाला हे विधान अपरिचित वाटणार नाही. मध्ये चौक आणि भोवती सोपे, ही आपल्या चौसोपी वाड्याची रचना. त्याहून मागे गेलो तर अजिंठा-वेरूळच्या विहारांत मधला सभामंडप आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या हीच मांडणी डोंगराच्या पोटात कोरलेली दिसते. चंद्रेहच्या शैव मठाने ती मोकळ्यावर, चिरेबंदी बांधणीत उभी केली. संप्रदाय निराळे असले, दर्शने परस्परांचे खंडन करीत असली, तरी एकत्र राहून साधना करण्याची भारतीय वास्तू एकच राहिली. वादाचे आखाडे वेगळे आणि घराचा आराखडा समान, असे हे आपल्या परंपरेचे रूप आहे.

खोल्या सगळ्या सारख्या नाहीत. काही अगदी साध्या, एका-दोघांना पुरतील एवढ्या. काही प्रशस्त. काहींच्या दरवाजांच्या चौकटींवर मंदिराच्या द्वारशाखेसारखे कोरीव काम आहे. ज्या खोल्यांना अशी सालंकृत द्वारे आहेत त्या आचार्यांच्या बैठकीसाठी, अध्यापनासाठी किंवा दीक्षाविधीसाठी असाव्यात, असे अनुमान अभ्यासकांनी काढले आहे. मंदिराच्या द्वारातून आपण देवापुढे जातो. मठातील तशाच द्वारातून शिष्य गुरूपुढे जात असे. गुरू हाच शिव, हा सिद्धान्त येथे ग्रंथात शोधावा लागत नाही, चौकटीत दिसतो.

रणोद येथील मठाला लोक खोखई मठ म्हणतात. तेथे बांधणीचे आणखी एक वैशिष्ट्य ठळकपणे जाणवते. प्रचंड शिळा चुन्याविना एकमेकींवर बसविल्या आहेत आणि छतही सपाट दगडी लाद्यांचेच आहे. कमान नाही, घुमट नाही. खांब, तुळई आणि लादी एवढ्यावर सारा भार. दगडाचे वजन हाच त्याचा सांधा. ही बांधणी हजार वर्षे टिकली, यावरून तिच्या कारागिरांचे गणित किती पक्के होते याची कल्पना येते.

या मठांत आणखी एक गोष्ट हटकून आढळते, ती म्हणजे पाणी. रणोद येथे व्योमशिवांनी तळे बांधले. सुरवाया येथील मठाच्या आवारात विहीर आहे. चंद्रेहचा लेख तर पाण्याच्या व्यवस्थेचे वर्णन आवर्जून करतो. प्रबोधशिवांनी नवा जलाशय खोदविला आणि आपल्या गुरूने पूर्वी खोदविलेल्या, पण काळाच्या ओघात निकामी होऊ लागलेल्या विहिरीची दुरुस्ती केली. नवे बांधण्यात नाव होते. जुन्याची डागडुजी करण्यात नाव होत नाही. तरीही धांसट नावाच्या कवीने ती डागडुजी श्लोकात घातली, यातच त्या समाजाची मूल्ये दिसतात.

आणि अखेर तो रस्ता. संगमाजवळची ही भूमी डोंगरांची आणि दाट अरण्याची. आश्रमापर्यंत येणारी वाट ही केवळ शिष्यांच्या सोयीची नव्हती. ज्या वाटेने यात्रेकरू येतो त्याच वाटेने व्यापारी येतो, वैद्य येतो, बी-बियाणे येते. एकांतासाठी अरण्यात गेलेल्या गुरूच्या शिष्याने ते अरण्य जगाशी जोडले. त्यात गुरूशी प्रतारणा नव्हती. गुरूने तपाची जागा निर्माण केली, शिष्याने त्या तपाचे फळ लोकांपर्यंत नेले.

शास्त्र आणि प्रसंगी शस्त्र

मठात शिकवले काय जात असे? रणोदचा लेख व्योमशिवांच्या विद्वत्तेचे वर्णन करतो. शैव सिद्धान्तात ते साक्षात ईश्वर, न्यायात अक्षपाद, वैशेषिकात कणाद, मीमांसेत जैमिनी, सांख्यात कपिल होते. येथपर्यंत नवल नाही. परंतु लेख येथे थांबत नाही. चार्वाकमतात ते बृहस्पती, बौद्धांच्या शास्त्रात बुद्ध आणि जैनांच्या शास्त्रात जिन होते, असेही तो सांगतो. स्वतःच्या दर्शनावर अढळ निष्ठा असलेल्या आचार्याची ही स्तुती आहे आणि ती त्याच्या मठातच कोरलेली आहे. प्रतिपक्षाचे मत त्याच्याइतकेच आत्मसात केल्याखेरीज त्याचे खंडन करू नये, ही भारतीय वादपरंपरेची शिस्त होती. आज विरोधकाचे एकही पुस्तक न वाचता त्याच्यावर तुटून पडण्याची जी रीत सर्वच बाजूंना रूढ झाली आहे, तिने या शिळेपुढे क्षणभर उभे राहावे.

कदवाहा येथील शिलालेखात एक वेगळाच प्रसंग येतो. धर्मशिव नावाचे आचार्य अरणिपद्राच्या आश्रमात तप करीत होते. गोभट नावाचा राजा गजसेना घेऊन चालून आला. युद्धात राजा पडल्याचे कळताच धर्मशिवांच्या डोळ्यांतून करुणेने क्षणभर अश्रू वाहिले. मग त्यांनी धनुष्य हाती घेतले आणि त्रिपुराचा अंत करणाऱ्या शंकराप्रमाणे शत्रुसैन्याचा संहार केला, असे कवी सांगतो. वर्णनात काव्य आहे हे उघडच आहे. तरीही क्रम पाहण्यासारखा आहे. आधी अश्रू, मग धनुष्य. शस्त्र उचलणाऱ्या हातामागे द्वेष नाही, करुणा आहे. नित्याचे कर्म तप आणि अध्यापन हेच. शस्त्र ही आपद्धर्माची गोष्ट.

नर्मदेपलीकडे

ही परंपरा नर्मदेच्या उत्तरेलाच थांबली असती तर ती एका प्रदेशाचा इतिहास ठरली असती. पण तिच्या शाखा कोकणापासून आंध्र-तमिळ देशापर्यंत पसरल्या.

कोकणचा पुरावा आपल्या अगदी अंगणातला आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खारेपाटण येथे सापडलेला दक्षिण कोकणच्या शिलाहारांचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इ.स. १००८ मधील आहे. मराठी पत्रकारितेचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो अभ्यासून प्रसिद्ध केला होता. त्यात रट्टराज या शिलाहार राजाने अव्वेश्वर देवासाठी तीन गावे दिल्याची नोंद आहे. दान स्वीकारणारे आचार्य मत्तमयूर परंपरेच्या कर्करोणी शाखेतील. दानाचा विनियोगही स्पष्ट लिहिला आहे. देवाची पूजा, देवळाची डागडुजी आणि तपस्वी, शिष्य व अतिथी यांचे अन्नवस्त्र. शोणेच्या काठी जो मोर नाचला त्याची केका वाघोटन खाडीच्या काठीही ऐकू येत होती, ती अशी.

आंध्रातील पुरावा याहून विस्तृत आहे. गुंटूर भागातील मल्कापुरम् येथील शिलास्तंभावर इ.स. १२६१ चा लेख आहे. काकतीय राजा गणपतिदेव आणि त्याची कन्या राणी रुद्रमादेवी यांचे गुरू विश्वेश्वरशंभू हे गोळकी मठाच्या परंपरेतील. या परंपरेचा मूळ मठ चेदी देशातला. तो भेडाघाटच्या गोलाकार चौसष्ट योगिनी मंदिराशी निगडित होता की रीवाजवळच्या गुर्गी येथे होता, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. युवराजाने या मठाच्या सद्भावशंभूंना तीन लक्ष गावे भिक्षा म्हणून दिली, असे मल्कापुरम्‌चा लेख सांगतो. आकड्यातील अतिशयोक्ती सोडून दिली तरी राजाने दिलेल्या विशाल संपत्तीला ‘भिक्षा’ हा शब्द वापरला आहे, हे विसरता येत नाही.

विश्वेश्वरशंभूंना मिळालेल्या मंदडम् आणि वेलगपुडी या गावांच्या उत्पन्नाचे त्यांनी तीन भाग केले. एक शिवपूजेसाठी. दुसरा मठ आणि विद्यार्थ्यांसाठी. तिसरा प्रसूतिशाळा, आरोग्यशाळा आणि अन्नसत्र यांसाठी. ऋग्वेद, यजुर्वेद व सामवेद शिकवणारे तीन अध्यापक. व्याकरण, मीमांसा, तर्क, साहित्य आणि आगम शिकवणारे पाच. शिवाय वैद्य आणि हिशेबनीस कायस्थ यांच्याही नेमणुका होत्या. अन्नसत्रात ब्राह्मणापासून चांडाळापर्यंत येईल त्याला अन्न मिळावे, त्यात खंड पडू नये, अशी व्यवस्था लेखात आहे. ब्रह्मचर्याची दीक्षा घेतलेल्या संन्याशाने आपल्या उत्पन्नातून बाळंतिणींसाठी शाळा चालवावी, यापेक्षा मठसंस्थेच्या लोकसन्मुखतेचा आणखी कोणता पुरावा हवा? योगायोग असा की, याच वेलगपुडीत २०१६ पासून आंध्र प्रदेशाचे सचिवालय आहे. ज्या भूमीतून आज राज्याचा कारभार चालतो, तेथे साडेसातशे वर्षांपूर्वी एका मठाने लोककल्याणाची अंदाजपत्रके मांडली होती.

अर्थात, येथे एक प्रामाणिक कबुली देणे आवश्यक आहे. त्या काळच्या समाजात जातिभेद होता, अन्नसत्र सर्वांना खुले असले तरी वेदाध्ययन सर्वांना खुले नव्हते. पूर्वजांचा अभिमान बाळगताना ही उणीव झाकण्याचे कारण नाही. त्यांनी अन्नाचे दार उघडले; ज्ञानाचे दार पूर्ण उघडण्याचे काम पुढच्या काळातील संतांवर आणि सुधारकांवर आले.

मठ रिते का झाले?

इतक्या समर्थ संस्था गेल्या कुठे? तेराव्या शतकाच्या प्रारंभी त्रिपुरीच्या कलचुरींची सत्ता मावळली. त्याच शतकात दिल्लीच्या सुलतानांच्या स्वाऱ्या ग्वाल्हेर आणि माळव्यापर्यंत पोहोचल्या आणि चौदाव्या शतकाच्या आरंभी माळवा त्यांच्या ताब्यात गेला. कदवाहा आणि सुरवाया येथील मठांभोवती याच उलथापालथीच्या काळात तटबंदी उभी राहिली. अध्ययनाच्या वास्तूंच्या गढ्या झाल्या. कदवाहाच्या गढीत मशीदही उभारली गेली. सुरवायाला आज लोक मठ म्हणून नव्हे, गढी म्हणूनच ओळखतात.

परंतु सारा दोष आक्रमणावर टाकून मोकळे होता येणार नाही. हे मठ मुख्यतः राजदानावर उभे होते. राजा दीक्षित असेपर्यंत गावांचे उत्पन्न येत राहिले. राजवंश गेला आणि संस्थेचा पाया खचला. ज्या संस्थेचा आधार केवळ राजसत्ता असते, ती राजसत्तेबरोबर कोसळते. कोणत्याही काळातील कार्यकर्त्याने हा धडा मनावर कोरून ठेवावा असा आहे. दुसऱ्या बाजूला पंढरीची वारी पाहा. तिचा मुख्य आधार राजाचे दानपत्र नव्हे, तर घराघरातील माळ आणि मुखातील नाम हा होता. सत्ता बदलल्या, वारी चालत राहिली.

आणि मत्तमयूरांची परंपरा तरी पूर्ण लोपली का? नाही. तिचा जो भाग लोकांच्या नित्य उपासनेत मिसळला तो जिवंत राहिला. गोळकी मठाच्या सोमशंभूंनी अकराव्या शतकात शैव कर्मकांडाची पद्धती लिहिली. बाराव्या शतकात चिदंबरम् येथील अघोरशिवाचार्यांनी आपली पद्धती रचली. ते स्वतःला आमर्दक परंपरेचे म्हणवीत. रणोदच्या वंशावळीत आलेले आमर्दकतीर्थ ते हेच. मराठवाड्यातील औंढा नागनाथ म्हणजेच हे आमर्दक, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. त्यावर एकमत नाही. ज्या औंढ्यात विसोबा खेचरांनी नामदेवांचे डोळे उघडले अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, ते गाव या शैव आचार्यांचेही असू शकेल, ही कल्पनाच सुखावणारी आहे. ते काहीही असो. तमिळनाडूतील कित्येक शिवमंदिरांत आजही सकाळची पूजा अघोरशिवांच्या पद्धतीने होते. उत्तरेतील मठाचे छत कोसळले, पण त्या परंपरेतील मंत्र दक्षिणेतील गाभाऱ्यात रोज उच्चारला जातो. परंपरा टिकते ती अशी.

आपले ऋण

या इतिहासावरची धूळ झटकणाऱ्यांचेही स्मरण केले पाहिजे. रणोद आणि बिल्हारीचे लेख जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी संपादित केले. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व विभागाचे मो. ब. गर्दे यांनी सुरवायासारखी स्थळे उजेडात आणली. राखालदास बॅनर्जी यांचा कलचुरींच्या वास्तूंवरील ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९५५ मध्ये कलचुरी-चेदी संवताचे सर्व लेख एकत्र करून त्यांचे पाठ आणि अर्थ निश्चित केले. प्रबोधशिवांचा रस्ता आज आपल्याला दिसतो तो या मंडळींनी आयुष्य खर्चून वाचलेल्या अक्षरांमुळे.

तथापि, अक्षरे वाचली गेली म्हणून वास्तू वाचतातच असे नाही. प्रशांतशिवांनी ज्या गुर्गीत मंदिर उभारले, तेथील भव्य तोरण उचलून रीवाच्या राजवाड्यात नेऊन बसविले गेले. मूळ जागी उरले ते ढिगारे. ही हानी कोणा परकीयाने केलेली नाही. चंद्रेह आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, ही समाधानाची गोष्ट. पण सरकारी फलक हा वास्तूचा अखेरचा रक्षक असतो, पहिला नव्हे. पहिला रक्षक म्हणजे ती वास्तू कशासाठी बांधली होती हे जाणणारा समाज.

आपल्या गावाच्या सीमेवरही एखादा पडका मठ, बुजलेली बारव किंवा शेंदूर फासलेला अक्षरांचा दगड असेल. सुट्टीत मुलांना घेऊन तेथे जावे. दगडावर शेंदूर, ऑइलपेंट चढवू नये; अक्षरांचे छायाचित्र काढून जाणकाराला दाखवावे; बारवेतील गाळ काढण्यासाठी गावातील चार तरुण गोळा करावेत. प्रबोधशिवांनी गुरूची जुनी विहीर दुरुस्त केली आणि कवीने ती श्लोकात घातली. आपल्या गावची बारव दुरुस्त झाली तर कोणी श्लोक रचणार नाही कदाचित. परंतु पाणी येईल, आणि चंद्रेहच्या त्या तपस्व्यालाही बहुधा तेवढेच हवे होते.